झोपलेली डिस्क आणि ताटकळलेले पाहुणे

नेटवर्कवरची बाह्य हार्ड डिस्क झोपेतून उठत नाही, या तक्रारीचे एक ठरलेले रूप आहे. डिस्क राउटरच्या पाठीला किंवा कपाटावरच्या एखाद्या छोट्या संगणकाला जोडलेली असते. तिच्यात मुंजीचा व्हिडिओ, दरवर्षीच्या गणपतीचे फोटो आणि ‘सवडीने बघू’ म्हणून उतरवून ठेवलेली नाटके असतात. आठवडाभर तिच्याकडे कोणी फिरकत नाही. मग रविवारी पाहुणे येतात, चहाबरोबर मुंजीचा विषय निघतो आणि यजमान उत्साहाने लॅपटॉप उघडतात. फोल्डरवर क्लिक होते. वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकू लागते, शेवटाच्या अलीकडे येऊन रेंगाळते आणि अखेर ‘नेटवर्कचा मार्ग सापडला नाही’ असा संदेश झळकतो. मार्ग म्हणजे बहुधा पाच फुटांची वायर असते आणि ती सगळ्यांना दिसत असते.

यजमान दुसऱ्यांदा क्लिक करतात. फोल्डर मुकाट्याने उघडते. ‘झालं आपोआप’ असे म्हणून सगळे मुंजीकडे वळतात आणि दुखणे पुढच्या रविवारपर्यंत विसरले जाते.

वास्तविक निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची खूण या दुसऱ्या क्लिकमध्येच असते. डिस्क उठली नव्हती असे नाही. ती उठत होती, पण विचारणारा तेवढा वेळ थांबला नाही. या प्रकारातल्या बहुसंख्य तक्रारी अशा निघतात. खरोखर न उठणाऱ्या डिस्का कमी असतात आणि त्यांची लक्षणे वेगळी असतात. त्यांच्याकडे पुढे वळू.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. वाचणारे हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रामॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, साठवणीच्या त्या एका कपाटाचे वजन टनाच्या घरात होते आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. मुंजीत मामाने काढलेला एक फोटोही आज तेवढी जागा घेतो. पुढे तबकड्या लहान झाल्या आणि डिस्क लॅपटॉपमध्ये शिरली. तिथे बॅटरी वाचवायची तर काम नसताना मोटर थांबवणे शहाणपणाचे ठरले. लॅपटॉपपुरता हा विचार योग्यच होता. तोच पुढे चोवीस तास विजेला जोडलेल्या डिस्कांनाही लागू झाला.

डिस्कच्या झोपेला पायऱ्या आहेत. पहिली पायरी नुसत्या रिकामपणाची: तबकड्या फिरत असतात, फक्त काम नसते. हाक मारली की डिस्क लगेच ओ देते. दुसरी पायरी स्टँडबाय. यात मोटर थांबलेली असते, पण कान उघडे असतात. काहीतरी वाचण्याची आज्ञा आली की मोटर सुरू होते, तबकड्या वेग घेतात आणि पाच ते पंधरा सेकंदांत डिस्क कामाला लागते. तिसरी पायरी स्लीप. यात डिस्कने बाहेरच्या जगाशी बोलणेच बंद केलेले असते. नेहमीच्या आज्ञांनी ती उठत नाही, तिला रीसेट करावे लागते. बोलीभाषेत या तिन्हींना ‘डिस्क झोपली’ असेच म्हणतात. त्यामुळे नुसत्या डुलकीवर रीसेटचे जालीम औषध दिले जाते आणि गाढ झोपलेलीला उगाच हाका मारत बसावे लागते.

आता प्रश्न असा की तिला झोपवतो कोण. उत्तर एकवचनी असते तर हा लेख इथेच संपला असता. डिस्कच्या आत स्वतःची वीज-बचतीची सोय असते. डिस्क ज्या पेटीत बसवलेली असते त्या पेटीत यूएसबी आणि डिस्कची साटा जोडणी यांच्यात दुभाषाचे काम करणारी एक चिप असते. तिचे घड्याळ वेगळे. ज्या संगणकाला डिस्क जोडली त्याच्या प्रणालीचे तिसरे घड्याळ: विंडोजमध्ये न मागताच २० मिनिटांवर लावून ठेवलेले. शिवाय यूएसबीचे पोर्टच निवांत करणारी एक वेगळी तरतूद असते. आणि हे सगळे जागे राहिले तरी यजमान संगणक स्वतः झोपतो, तेव्हा जागी डिस्कही कोणाच्या उपयोगाची राहत नाही. यांतला प्रत्येक जण वीज वाचवण्याची जबाबदारी आपल्या एकट्याच्याच खांद्यावर आहे असे समजतो. दुसऱ्याने काय केले याची विचारपूस कोणी करत नाही.

लिनक्सवर ही घड्याळे लावण्यासाठी एचडीपार्म नावाचे साधन वापरतात. किती वेळाने झोपायचे ते त्याला एका आकड्याने सांगायचे असते. हा आकडा जवळून पाहण्यासारखा आहे. १ ते २४० या आकड्यांना पाच सेकंदांनी गुणायचे, म्हणजे २४० लिहिले की २० मिनिटे. २४१ पासून मात्र प्रत्येक पायरी अर्ध्या तासाची: २४१ म्हणजे अर्धा तास, २५१ म्हणजे साडेपाच तास. आता २५२ म्हणजे सहा तास असावेत असे शाळेत गेलेल्या कोणालाही वाटेल. २५२ म्हणजे २१ मिनिटे. २५३ म्हणजे ८ ते १२ तासांच्या दरम्यान कारखानदाराच्या मर्जीला येईल तेवढा वेळ. २५४ राखीव आहे. कोणासाठी, ते विचारू नये. आणि २५५ म्हणजे २१ मिनिटे १५ सेकंद. हे वरचे १५ सेकंद कोणाला आणि कधी लागले असतील, यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो. शून्य लिहिले तर डिस्क झोपतच नाही. सगळ्या कोष्टकात सरळ अर्थाचा आकडा तो एकच. इतके करूनही पेटीतल्या काही दुभाषी चिपा ही आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचूच देत नाहीत. आज्ञा स्वीकारल्याचे कळवतात आणि आपल्या जुन्याच वेळेला डिस्क झोपवतात.

झोपवण्यापेक्षा उठवण्याची साखळी जास्त लांब आहे, आणि तिचा कारभार सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखा चालतो. टीव्ही अर्ज करतो राउटरकडे. राउटर तो पुढे सरकवतो यजमान संगणकाच्या टेबलावर. तिथून तो दुभाषी चिपेकडे जातो आणि चिप डिस्कचे दार वाजवते. डिस्क उठून बसते, तबकड्या घरघरू लागतात, फाइल सही होऊन परत निघते. पण प्रत्येक टेबलाने वाट पाहण्याची आपापली मुदत ठरवलेली असते, आणि सर्वांत उतावळ्याची मुदत संपली की सबंध अर्ज निकाली निघतो. लिनक्स डिस्कच्या उत्तरासाठी साधारण ३० सेकंद थांबतो, म्हणजे भल्या माणसासारखाच वागतो. टीव्हीवरची काही अॅप मात्र तेवढ्यात ‘फाइल उपलब्ध नाही’ असे जाहीर करून मोकळी होतात. चार डिस्का असलेल्या पेटीत अडचण आणखी वाढते. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर विजेचा झटका मोठा बसतो, म्हणून अशा पुष्कळ पेट्या डिस्का एकामागून एक उठवतात. प्रत्येकीला दहा सेकंद धरले तरी शेवटची उठेपर्यंत ४० सेकंद जातात. तोवर अर्जदार घरी गेलेला असतो.

दुभाषी चिपेची एक खोडी विशेष त्रासाची आहे. डिस्क झोपलेली असताना वाचण्याची आज्ञा आली, तर काही चिपा तिला स्वतःहून उठवत नाहीत. ‘डिस्क तयार नाही, आधी सुरू करण्याची आज्ञा द्यावी’ असे नियमावर बोट ठेवून कळवतात. उत्तर नियमाला धरूनच असते. पण लिनक्समध्ये ‘अलाउ रीस्टार्ट’ नावाची खूण १ वर नसेल, तर तो ही आज्ञा देत नाही आणि थेट वाचनातील चूक नोंदवतो. चिप आज्ञेची वाट पाहत असते, लिनक्स उत्तराची, आणि डिस्क दोघांच्या भरवशावर निश्चिंत झोपलेली असते. ती खूण १ केली की भांडण मिटते.

पलीकडच्या बाजूचे स्वभावही पाहण्यासारखे आहेत. विंडोजच्या घरांत फाइली वाटून घेण्याची जी पद्धत चालते, तिचे मूळ आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेल्या एसएमबीमध्ये आहे. विंडोज यजमान असेल तर १५ मिनिटे कोणी काही मागितले नाही की तो जोडणी स्वतःहून सोडतो. मग पाहुण्या संगणकावर त्या ड्राइव्हच्या चित्रावर लाल फुली दिसते. ही फुली पाहून लोक डिस्क गेली असे समजतात आणि घरात शोककळा पसरते. प्रत्यक्षात क्लिक केले की जोडणी पुन्हा जुळते. सन या कंपनीने १९८४ साली आणलेल्या एनएफएस या फाइली वाटण्याच्या पद्धतीचा स्वभाव याच्या अगदी उलट. ‘हार्ड’ प्रकाराने जोडलेले असेल, तर ते हार मानत नाही. ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत’ असे सांगून ते अनंतकाळ वाट पाहते. त्याच्याबरोबर तो फोल्डर उघडू पाहणारा प्रत्येक प्रोग्रामही जागच्या जागी थिजून बसतो.

वेक-ऑन-लॅन या सोयीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. या सोयीने झोपलेल्या संगणकाला नेटवर्कवरून हाक मारता येते. ही हाक १०२ बाइटची असते: आधी सहा बाइट नुसते लक्ष वेधण्यासाठी आणि मग त्या यंत्राचा पत्ता सलग १६ वेळा. संगणक यामुळे उठतो. पण तो जागाच असेल आणि डिस्क तेवढी झोपलेली असेल, तर १६ काय, १६० वेळा पत्ता घेतला तरी डिस्कला त्याचे सोयरसुतक नसते. अॅपलने २००९च्या स्नो लेपर्ड या मॅक प्रणालीत याहून मानभावी व्यवस्था केली होती. घरातला एअरपोर्ट किंवा टाइम कॅप्सूल हा अॅपलचा राउटर झोपलेल्या मॅकच्या वतीने ‘आहे, आहे, घरातच आहे’ असे उत्तर देत असे आणि खरेच काम निघाले तर त्याला उठवत असे.

आता खरोखर न उठणाऱ्या डिस्कांकडे. इथे मुख्य संशयित वीज. लॅपटॉपच्या आकाराची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेते. एकदा फिरू लागली की तिची भूक थोडी असते, पण थांबलेल्या तबकड्यांना वेग देताना काही क्षण तिला एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. जुन्या यूएसबी २ पोर्टचा अधिकृत पुरवठा ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३चा ९००. बाकीचे कारखानदार आणि परमेश्वर यांच्या कृपेवर चालते. घराघरांत फाइल-सर्व्हर म्हणून बसलेल्या रास्पबेरी पाय ४ला चार यूएसबी पोर्ट आहेत, पण चारही मिळून तो १.२ अँपिअरच देतो. दोन डिस्का आळीपाळीने उठल्या तर सगळे सुरळीत. दोघी एकदम उठल्या की एक जण मान टाकते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॉप्टर असतो. तो थकला की डिस्क दिवसभर छान फिरते आणि झोपेतून उठतानाच अडखळते.

याची परीक्षा कानांनी होते. खोलीतला पंखा बंद करावा, पेटीवर तळहात ठेवावा आणि दुसऱ्या कोणाला तरी फोल्डर उघडायला सांगावे. आधी एक बारीक ‘टक्’, मग चढत जाणारी घरघर आणि हाताला सलग कंप लागला, तर डिस्क ठणठणीत आहे आणि दोष वाट पाहणाऱ्याचा आहे. घरघर चढता चढता मध्येच विरली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा विरली, तर वीज अपुरी आहे. आखूड आणि जाड वायर, स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब किंवा नवा अॅडॉप्टर एवढ्यावर भागते. पुरेशी वीज देऊनही ‘टक्-टक्-टक्’ असा एकसारखा ठेका ऐकू आला, तर सेटिंगच्या नादी लागू नये. जे काही उतरवून घेता येईल ते आधी उतरवून घ्यावे. आणि काहीच ऐकू आले नाही, कंपही लागला नाही, तर प्लग भिंतीत आहे का ते पाहावे. या शेवटच्या तपासणीची टवाळी होते, पण तिचे यशही लहान नाही.

उठलेली डिस्क कधी कधी नाव बदलून उठते. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला एसडीए, दुसरीला एसडीबी अशी नावे मिळतात. उठताना वीज डळमळली आणि यूएसबीची जोडणी क्षणभर तुटली, तर यजमानाच्या लेखी जुनी डिस्क गेलेली असते आणि नवी आलेली असते. जुने नाव अजून मोकळे झालेले नसते, म्हणून आलेलीला पुढचे अक्षर मिळते. मुंजीचा व्हिडिओ जागेवरच असतो, पण त्याचा पत्ता असलेले घर सरकारदरबारी बंद झालेले असते. जोडणी नावाने न करता डिस्कच्या कायम ओळख-क्रमांकाने, म्हणजे यूयूआयडीने केली की नव्या नावाचा घोळ राहत नाही.

इतक्या लटपटींत ‘बंद करून चालू करा’ हा जुना उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. पुण्यातल्या मामांनी न्यू जर्सीतल्या भाच्याला फोन लावला की पलीकडे रविवारची सकाळ असते आणि भाचा स्वतःच स्टँडबायमध्ये असतो. तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “मामा, बंद करून चालू केलंत का?” त्यामागे विज्ञान आहे. वीज तोडल्याने अडून बसलेली चिप पहिल्यापासून सुरू होते, वीज येताच डिस्क न सांगता फिरू लागते आणि मामा चष्मा शोधून परत येईपर्यंत तिला पुरेसा वेळ मिळतो. धोका एवढाच, की लिहायचा मजकूर अजून मेमरीत असताना वायर उपटली तर फाइलींची व्यवस्था अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस मांडणी असलेली डिस्क अशा वेळी लिनक्स यजमानाकडे गेली, की तो अनेकदा ती फक्त वाचण्यापुरती जोडतो किंवा जोडायलाच नकार देतो. मामांना मग न्यू जर्सीला दुसरा फोन लावावा लागतो.

उलट तक्रारही तितकीच खरी: डिस्क झोपायला हवी तेव्हा झोपत नाही. विंडोज फोटोंची छोटी चित्रे बनवत बसते, मॅक प्रत्येक फोल्डरात आपली डीएस-स्टोअर नावाची फाइल ठेवून जातो, अँटिव्हायरस रात्री गस्त घालतो. कोणालाच काही नको असताना डिस्क उठते, बसते, पुन्हा उठते. काही वर्षांपूर्वी एका ‘हिरव्या’ मालिकेतल्या डिस्का वीज वाचवण्यासाठी आठ सेकंद काम नसले की हेड बाजूला नेऊन ठेवत. विंडोजवर ते फारसे जाणवत नसे, पण लिनक्स यजमान दर थोड्या वेळाने काहीतरी लिहीत राहतो. दर २० सेकंदांनी एक फेरी धरली, तर दिवसाला ४,३२० फेऱ्या होतात. अशा डिस्कांना साधारण ३ लाख फेऱ्यांचे आयुष्य नेमून दिलेले असते. त्या हिशेबाने ते ७० दिवसांत संपते. पर्यावरणासाठी एवढी झीज सोसलेले दुसरे यंत्र सापडणे कठीण.

उपायांचा क्रम असा. प्रथम डिस्क नेटवर्कवरून काढून सरळ संगणकाला जोडावी आणि झोपवून उठवून पाहावी. तिथेही अडखळली तर वायर, अॅडॉप्टर आणि पेटी यांत शोधावे. नेटवर्कला दोष देऊ नये. तिथे नीट उठत असेल तर झोपवणारा एकच ठेवावा. बाकी सगळ्यांची घड्याळे बंद करावीत. यूएसबी पोर्ट निवांत करण्याची तरतूद तर आधी काढावी, कारण तिच्यापासून फायदा सर्वांत कमी आणि घोळ सर्वांत जास्त. मग जिथे वाट पाहण्याची मुदत वाढवता येते तिथे ती एक मिनिटावर न्यावी.

काही लोक दर पाच मिनिटांनी डिस्कवरची एक फाइल वाचणारा छोटा प्रोग्राम लावतात आणि डिस्क तरी झोपते म्हणून चक्रावतात. तीच तीच फाइल यजमानाच्या मेमरीत राहिलेली असते. तो डिस्कला न विचारताच तिथूनच उत्तर देतो. डिस्क जागी ठेवायची तर तीच फाइल वाचून उपयोग नाही, मेमरीत नसलेले काहीतरी वाचावे किंवा तिच्यावर काहीतरी लिहावे लागते.

पण जी डिस्क घरातली चार माणसे आणि एक टीव्ही वापरतात, तिला झोपवूच नये. साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरताना आणि झोपलेली असताना जी वीज खाते, त्यांत साधारण पाच वॅटचा फरक असतो. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला साडेतीन युनिटांहून थोडे जास्त. अडीच इंची डिस्कच्या बाबतीत हा आकडा एका युनिटाच्या आसपास राहतो.